तिसऱ्या बटणामागे

४ फेब्रुवारी

प्रिय खुसपटताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलोय. शाळा सुटल्यापासून एवढं मोठं काही हाताने लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. ठेवशीलच म्हणा. घरच्यांनी तुला खुसपट हे नाव उगाच दिलेलं नाही.

बातमी अशी की मी सिनेमा करतोय. खरा, पूर्ण लांबीचा. दुकानांच्या उद्घाटनांचे व्हिडिओ काढून काढून जीव विटला होता. गोष्ट साधी आहे. एक बाप, एक मुलगा, दोन खोल्या. बापाचं किल्ल्या बनवायचं दुकान. दोघं वर्षानुवर्षं एकमेकांशी धड बोललेले नाहीत, आणि शेवटी एकदा जेवणाच्या टेबलावर बाप तोंड उघडतो. बाप कोण करतंय माहीत आहे? आपले नाटकवाले. माझे मामा, तुझे काका. आयुष्यभर रंगमंच गाजवला, पण कॅमेऱ्यासमोर उभे राहिले नव्हते. मी विचारलं आणि ते चक्क हो म्हणाले. सध्या सर्दीने त्यांचा आवाज जरा बसलाय, पण होईल ठीक.

पैशाच्या नावाने बोंब आहे, ते तुला सांगायला नको. पण कॅमेरा झकास मिळालाय. आवाज त्यातच येतो, तरी कॅमेरामन म्हणतो की एखादा वेगळा माईक असलेला बरा. तुझा तर धंदाच तो. येऊन माईक धरशील का? फार काही नाही करायचं. कुठे बिघडलंच तर नंतर डबिंग करून घेऊ. आणि जागा अशी शोधलीय की तू बघतच राहशील. एक रिकामा हॉल, चकचकीत फरशी, तिन्ही बाजूंनी खिडक्या, नुसता उजेडच उजेड.

येशील ना?

तुझा,
भोंगा


९ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

फोन मुद्दामच उचलला नाही. तुला फोनवर काही सांगणं म्हणजे पंख्याखाली बसून रेकॉर्डिंग करणं, माझं निम्मं वाक्य उडून जातं. कागदावर तरी तुला मला मध्ये तोडता येणार नाही. यापुढे कामाचं जे काही असेल ते पत्रानेच.

‘येऊन माईक धरशील का’ हे तुझं वाक्य मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं. तो सहसा माझी बाजू घेत नाही, पण हे ऐकून त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. अरे, मी छत्री धरायला येत नाहीये.

तुला वाटतं आवाज कॅमेऱ्यात येतो. येतो की. कॅमेऱ्यातला माईक कॅमेऱ्यापाशी असतो आणि बाप बोलतो टेबलापाशी. मग त्या माईकला सगळ्यात स्पष्ट काय ऐकू येतं? कॅमेरामनचं पोट. तुम्हा दिग्दर्शकांचं बरं असतं. चेहरा अंधारात गेला तर तुम्ही त्याला शैली म्हणता आणि लोक माना डोलावतात. वाक्य ऐकू आलं नाही तर मात्र तेच लोक उठून बाहेर जातात. हे तुला कुणी शिकवलं नसावं, कारण शिकवणाराही दिग्दर्शकच असणार.

आता तुझा तो हॉल. चकचकीत फरशी, मोकळ्या भिंती, काचा. तिथे बाप एकदा ‘अरे’ म्हणाला की चारही भिंती मिळून त्याला उत्तर देतील. तो घुमणारा आवाज नंतर कुठल्याही यंत्राने निघत नाही. लहान खोली बघ. पडदे, गाद्या, कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली. बघ म्हणजे डोळ्यांनी नव्हे. आत जाऊन दार लाव, डोळे मीट आणि गप्प उभा राहा. गप्प राहणं तुला जड जाईल, तरी राहा. पाण्याचा पंप, लिफ्ट, शेजारची शाळा, वरच्या मजल्यावरचा टाइपिंगचा क्लास, सगळं मोज. मग मला सांग.

महागडा माईक लागतो असं समजून तू घाबरला असशील, म्हणून सांगते. तसं काही नाही. माईक तोंडाच्या जवळ हवा, निम्मी विद्या तिथेच संपते. रंगाऱ्याच्या रोलरची लांब काठी मिळव, तिला मी माईक बांधते. दुसरा बारका माईक शर्टाच्या आतून, छातीवर. काका जन्मभर शेवटच्या रांगेतल्या माणसासाठी बोलले, छातीवरच्या माईकचं त्यांच्यापुढे काय होतं कोण जाणे. रविवारी त्यांच्याकडे जाऊन चाचणी घेते.

आणि डबिंग हा शब्द पुन्हा लिहू नकोस.

तुझी,
ताई


१७ फेब्रुवारी

ती. काकांस,

नमस्कार. हे पत्र वाचून तुम्ही चिडाल. चिडा.

रविवारी तुमच्या शर्टाला मी माईक लावला आणि तुम्ही फोन आला म्हणून आतल्या खोलीत गेलात. दार लावलंत, माईक मात्र काढला नाहीत. माझ्या कानांवर हेडफोन होते. पलीकडचं काही ऐकू आलं नाही, तुमचं आलं, आणि तेवढं पुरे होतं. ‘म्हणजे स्वरयंत्र सगळंच काढणार? मग आवाज अजिबातच नाही का?’ असं तुम्ही विचारलंत. मग शूटिंग होईपर्यंत थांबता येईल का म्हणून तुम्ही हुज्जत घातलीत. बाहेर येऊन मला म्हणालात, ‘सर्दी काही हटत नाही बघ.’ उत्तम अभिनय होता. मला माहीत नसतं तर मी तुम्हाला वाफ घ्यायला सांगितलं असतं.

आमच्या कामात एक रीत आहे. माईक काढायला विसरलेला माणूस जे बोलतो ते आपल्या पोटात ठेवायचं. नटांची भांडणं, निर्मात्यांच्या थापा, कुणी कुणाला दिलेल्या शिव्या, आजवर सगळं पोटात ठेवलं. हे तिथे मावत नाही. रविवारपासून मला झोप नाही.

डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तरच थांबा, सिनेमासाठी थांबू नका. भोंग्याच्या सिनेमाची ती लायकी नाही. पण काम करणारच असाल तर त्याला खरं सांगा. तो बेफिकीर आहे, काही झालं की ‘नंतर डबिंग करू’ म्हणतो. नंतर तुम्ही काय डब करणार? आत्ता जे नीट रेकॉर्ड होईल तेवढाच तुमचा आवाज उरणार आहे. ही गोष्ट त्या गाढवाला कळायला हवी.

तुमची,
खुसपट


२० फेब्रुवारी

चि. खुसपट,

अनेक आशीर्वाद, लायकी नसताना.

चोरून ऐकणारी माणसं मी नाटकात पुष्कळ पाहिली आहेत. पडद्याआड उभी राहतात आणि तिसऱ्या अंकात पस्तावतात. तू तर माझ्या शर्टात शिरून ऐकलंस. त्या किड्याएवढ्या माईकचा मला मुळातच राग होता, आता तिरस्कार आहे. ज्या गळ्याने नाट्यगृहाच्या गॅलरीतल्या माणसाला खुर्चीत सरळ बसवलं, त्याचा आवाज तुम्ही लोक बटणाच्या मागे लपून गोळा करणार. तुमचा काळ आहे, करा.

डॉक्टरांची आणि माझी बोलणी झाली आहेत. त्यांनी तपासण्या करून तारीख दिली आहे, एप्रिलच्या शेवटी. त्यांची परवानगी आहे, तुझी लागत नाही.

भोंग्याला यातलं काही ठाऊक नाही आणि कळता कामा नये. कळलं तर तो रडत रडत दिग्दर्शन करील, आणि तो हसत करतो तेच पुरेसं वाईट असतं. तू या विषयावर त्याच्याशी एक अक्षर बोललीस तर मी काम सोडून देईन, आणि त्याच्या सिनेमाचं वाटोळं तुझ्या माथी बसेल. मला ओळखतेस.

तू तुझं यंत्र सांभाळ. माझा गळा मी सांभाळतो.

तुझा,
काका


२६ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

चाचणी झाली. यंत्र ठीक आहे, काका ठीक आहेत, सर्दी आहे.

आता नीट वाच. या सिनेमात काकांचं एकही वाक्य डब होणार नाही. एकही. जे बोलतील ते त्याच खोलीत, त्याच वेळी, माझ्या माईकवर. हे तुला मान्य नसेल तर दुसरी कोणीतरी छत्री धरणारी बघ.

कारण हवंय? घे. बंद स्टुडिओत, काचेमागे उभं राहून, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत बोललेलं वाक्य हे मेलेलं वाक्य असतं. बोलणाऱ्याच्या समोर ताट नसतं, मुलगा नसतो, काही नसतं. तुला ते चालत असेल. तुला पुष्कळ काही चालतं, तुझे उद्घाटनांचे व्हिडिओ पाहिलेत मी. त्यात फीत कापणाऱ्या माणसाचं भाषण पार्श्वसंगीतात बुडालेलं असतं आणि त्याच्या बायकोलाही ते ऐकायचं नसतं, म्हणून तुझं निभावतं. इथे निभावणार नाही.

हॉल रद्द केलास का? आणि काकांच्या दिवशी जास्त वेळ ठेव. का ते मी सांगणार नाही. मला वेळ लागतो एवढं धरून चाल.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

हॉल रद्द केला. मित्राच्या मावशीचं घर मिळालंय, दुसऱ्या मजल्यावर, दोन लहान खोल्या, सगळीकडे पडदे, पुस्तकं आणि गाद्या. आत जाऊन डोळे मिटून उभा राहिलो. मित्राची मावशी घाबरली आणि पाणी घेऊन आली. शेजारी शाळा नाही. खाली एक सुतार आहे, त्याचं कटरचं मशीन आहे, त्याच्याशी बोलतो. रंगाऱ्याची काठीही आणली. म्हणजे तू सांगितलेलं सगळं केलं, आणि तरी तू माझ्या व्हिडिओंवर घसरलीस.

डबिंगचं मात्र मी तुला वचन देत नाही. बाकी सगळ्यांचा आवाज तू म्हणशील तसा. मामांचा आवाज मी नंतर बघेन, त्याची काळजी तू करू नकोस. सेटवर त्यांचं बोलणं नुसतं संदर्भापुरतं घे, फार चांगलं नाही आलं तरी हरकत नाही. त्यांना त्रास देऊ नकोस, पुन्हा पुन्हा बोलायला लावू नकोस. वय झालंय त्यांचं.

तू तुझ्या कामात हुशार आहेस हे सगळ्यांना माहीत आहे. तुलाही माहीत आहे, हाच घोळ आहे.

भोंगा


३ एप्रिल

प्रिय ताई,

शूटिंग संपलं, दोन दिवस झोपलो, आता सेटवर जे गिळलं ते लिहितो.

फ्रिज तू रोज बंद केलास आणि त्या मावशींचं दूध रोज नासलं. पंखे बंद केलेस, त्यामुळे मेकअपवाली मुलाच्या तोंडाला पावडर लावते आहे आणि ती ओघळते आहे असाच आमचा दिवस जायचा. सुताराला तू इतकं फैलावर घेतलंस की तो बिचारा आपलं काम टाकून जिन्यात बसून राहिला आणि आमच्यातलंच कुणी शिंकलं तर तोच ‘श्श’ करायला लागला. चपला काढायला लावल्यास, बांगड्या काढायला लावल्यास, एकाचं घड्याळ काढून कपाटात ठेवलंस. शेवटी सगळ्यांना गप्प उभं करून रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड केलास. रिकाम्या खोलीला आवाज असतो आणि संकलन करताना तो लागतो, हे मान्य. पण ‘कट’ म्हणायचा हक्क माझा असतो. तू म्हणालीस. सगळ्यांसमोर.

हे सगळं सोडून देईन. टेबलाचा प्रसंग सोडणार नाही. मामांचा पहिला टेक असा खणखणीत झाला की खालची बाई कोण भांडतंय म्हणून वर आली. मला तोच हवा होता. तू त्यांच्याजवळ जाऊन काहीतरी कुजबुजलीस आणि पुन्हा करायला लावलंस, मग पुन्हा, त्यांचा आवाज पार फाटेपर्यंत. मी तुला पत्रात लिहिलं होतं त्यांना त्रास देऊ नकोस. एका म्हाताऱ्या माणसाचा गळा तू तुझ्या हौसेसाठी खरवडलास. लाज कशी वाटली नाही तुला?

बाकी सगळ्यांचे आवाज पेन ड्राइव्हवर टाकून पाठव. मामांचे नकोत. त्यांचा आवाज एका नकलाकाराकडून भरून घेतोय. स्टेजवर तो मामांची नक्कल करतो, हुबेहूब करतो. का ते विचारू नकोस.

भोंगा


७ एप्रिल

भोंग्या,

‘प्रिय’ मुद्दाम गाळलंय.

का ते विचारत नाही. मला कळलंय का ते. तुला नाटक हवंय. खणखणीत, टाळीचं वाक्य हवंय, आणि ते काकांकडून मिळालं नाही तर त्यांची नक्कल करून पोट भरणाऱ्याकडून हवंय. जिवंत माणसाच्या तोंडात भाड्याचे दात बसवतो आहेस तू. आजवर तुला मी नुसता आळशी समजत होते.

टेबलाचा प्रसंग तू कॅमेऱ्याशेजारी उभा राहून ऐकलास. मी ऐकला काकांच्या तिसऱ्या बटणामागून. पहिल्या टेकला ते मुलाशी बोलतच नव्हते. ते तुझ्या डोक्यावरून, भिंतीपलीकडे, रस्त्यापलीकडे बोलत होते. मी माईक नीट करायच्या निमित्ताने जवळ गेले आणि म्हटलं, ‘काका, शेवटच्या रांगेत आज कुणी नाही. पोरगा हाताच्या अंतरावर बसलाय.’ तुला वाटलं मी हुकूम सोडतेय. त्यांनी मला काय उत्तर दिलं माहीत आहे? ते म्हणाले, ‘मला हळू बोलता येत नाही गं. कधी जमलंच नाही.’

म्हणून पुन्हा केलं. गळा दुखतोय का, थांबू या का, हे मी दर वेळी विचारलं. ‘चालू ठेव’ असं ते म्हणाले, तेही रेकॉर्ड झालंय, हवं तर ऐकवते. शेवटच्या टेकला फेकायला आवाज उरला नव्हता. जो उरला होता त्यात ते मुलाला म्हणाले, ‘तू काय काम करतोस ते मला अजून नीट कळलेलं नाही. इतकी वर्षं झाली, आता विचारायची लाज वाटते.’ ‘लाज’ म्हणताना आवाज फुटला. मग त्यांनी चमचा ताटात ठेवला, तोही किती हळू. तू मात्र घड्याळ बघत होतास. तुझ्या कॅमेरामनने डोळे पुसले म्हणून तिथे चित्र हललंय, तपासून बघ.

मला त्यांच्या आवाजाची एवढी का पडली आहे ते सांगता आलं असतं तर तुझी बोलती बंद झाली असती. सांगता येत नाही. पेन ड्राइव्ह सोबत आहे. त्यात काकांचा आवाज आहे आणि तो सगळ्यात वर आहे. हेडफोन लावून ऐक. लॅपटॉपच्या टीचभर स्पीकरवर ऐकून मला मत कळवू नकोस.

ताई


१२ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र मी दवाखान्याच्या कँटीनमध्ये बसून लिहितोय.

परवा मामांचं ऑपरेशन झालं. सर्दी नव्हती. गळ्यात गाठ होती. स्वरयंत्र पूर्ण काढलं. गाठ सगळी निघाली असं डॉक्टर म्हणतात, जीवाला धोका नाही. पण आवाज गेला, कायमचा. कुणाला सांगायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती, ती आता मोडतोय, कारण तू मला ज्या शिव्या दिल्यास त्या आणखी पोटात ठेवणं मला शक्य नाही.

गाठीचं मला जानेवारीपासून माहीत आहे. मी कामाचं विचारायला गेलो तेव्हाच त्यांनी सांगितलं. म्हणाले, ‘काम करतो, पण हा फाटका आवाज बाहेर जाता कामा नये. लोकांच्या कानात माझा जो आवाज आहे तोच राहू दे. माझी नक्कल करणारा तो आहे ना, त्याच्याकडून भरून घे.’ आणि वर असंही म्हणाले की खुसपटला कळू देऊ नकोस, ती माझ्याशी भांडेल. मी शब्द दिला. म्हणून डबिंग, डबिंग करत बसलो. मला काय हौस होती? तू मला आळशी म्हणालीस, भाड्याचे दात म्हणालीस. मी घड्याळ बघत होतो, कारण त्यांची औषधाची वेळ टळत होती.

तुझा पेन ड्राइव्ह ऐकला. हेडफोन लावून. दोन मिनिटांत काढून ठेवला, पुढे ऐकवेना. इतकी वर्षं मामांच्या मांडीवर खेळलो, हा माणूस मी कधी ऐकलाच नव्हता. पण मी शब्द दिलाय ताई. नकलाकाराचं काम होऊन गेलंय. ते चांगलं झालंय, म्हणजे त्यांच्यासारखं झालंय. आता सांग, काय करू?

भोंगा


१५ एप्रिल

ती. काकांस,

भोंग्याचं पत्र आलं. मी आपणहून त्याला फोन केला, म्हणजे प्रसंग केवढा मोठा होता ते लक्षात घ्या. तुमचं गुपित मला फेब्रुवारीपासून माहीत होतं हे ऐकून तो आधी ओरडला, मग मी ओरडले, मग दोघंही रडलो. नंतर दोघांनी मिळून तुम्हाला शिव्या दिल्या आणि बरं वाटलं.

मला म्हणालात त्याला माहीत नाही. त्याला म्हणालात मला कळू देऊ नकोस. मला तारीख सांगितलीत महिनाअखेरची, म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे नको. दोन महिने मी त्याला निर्दय समजून झोडपलं आणि तो मला. दिग्दर्शक म्हणून तो कच्चाच आहे, पण तुम्ही पक्के निघालात. मला फार राग आलाय तुमचा. मी दाराबाहेर बसायला हवं होतं, आणि तुम्ही ते माझ्यापासून चोरलंत.

आता तुम्हाला ओरडता येणार नाही, म्हणून हीच वेळ साधून सांगते. तुम्ही तुमचा आवाज आयुष्यात ऐकलेला नाही. तुम्ही तो फेकलात, ऐकला समोरच्यांनी. म्हणून तुम्हाला वाटतं की तुमचा खरा आवाज तो, गॅलरीपर्यंत जाणारा. सोबत रेकॉर्डर आणि हेडफोन पाठवतेय. त्यात दोनच गोष्टी आहेत. टेबलाचं तेच बोलणं, आधी नकलाकाराच्या तोंडून, मग तुमच्या. हिरवं बटण दाबा. दोन्ही ऐका.

निकाल तुम्ही द्यायचा. भोंगा त्याचा शब्द पाळेल, आणि तुम्ही नको म्हणालात तर मी माझं रेकॉर्डिंग पुसून टाकेन. ते माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे, तरी पुसेन. भेटायला शनिवारी येते. हाकलू नका.

तुमची,
खुसपट


२४ एप्रिल

चि. खुसपट आणि चि. भोंगा,

दोघांना मिळून एकच पत्र, कारण दोघांत मिळून अक्कल एकच आहे.

इथे मला लिहायला पाटी दिली आहे. तिच्यावर ‘पाणी’ आणि ‘दुखतंय’ एवढं मावतं, शिव्या मावत नाहीत, म्हणून कागद मागवला. शनिवारी खुसपट येऊन माझ्यासमोर नुसती बसून राहिली आणि मला पाटी पुसायला फडकं देत राहिली. तिच्याकडून एवढी शांतता मला झेपत नाही. पुढच्या वेळी भांडायला ये.

तुम्हाला खेळवलं, हे खरं. एकाला ठाऊक आहे हे दुसऱ्याला कळलं असतं, तर दोघं मिळून माझी कीव करत बसला असता. त्यापेक्षा एकमेकांचा द्वेष केलात ते बरं, तेवढी कामाला धार आली. दाराबाहेर बसायचं राहिलं म्हणून खुसपटला जे वाटलं त्याबद्दल मात्र मला वाईट वाटतं. ते मी नीट विचार करून केलं नव्हतं. भीती वाटत होती, म्हणून केलं.

रेकॉर्डर दोन दिवस उशाशी पडून होता. मग ऐकलं.

आधी तो नकलाकार. हुबेहूब. पहिल्या वाक्याला मीच उशीवरून सावरून बसलो. पण तो बोलतच राहिला. हातभर अंतरावर बसलेल्या पोराला तो भाषण ठोकत होता. मला वाटलं म्हणावं, अरे बाबा, हळू, पोरगा जेवतोय. आणि मग कळलं की याने माझ्यात काही घातलेलं नाही, जे होतं तेच उचललंय. मी घरातही असाच बोलत आलो. तुमची काकू, तुमची मामी, होती तेव्हा जेवताना म्हणायची, ‘अहो, समोर मी एकटीच आहे.’ मी त्यावर हसायचो. आणखी मोठ्याने हसायचो. ती गेली, आणि तिच्याशी एक वाक्य मी हळू बोललो असेन तर मला ते आठवत नाही.

नंतर दुसरं ऐकलं. खरखर आहे, मध्येच फुटतं, शेवटचा शब्द तर निव्वळ हवा आहे. नट म्हणून मी त्या माणसाला तालमीतून घरी पाठवला असता. पण यंत्र बंद करायला हात होईना. पुन्हा ऐकलं. जेवण आलं ते गार झालं, तरी ऐकत होतो.

गळ्याची पट्टी बदलायला नर्स आली. काय ऐकता एवढं, असं तिने खुणेने विचारलं. आवाज माझा गेलाय, कान शाबूत आहेत, तरी ही मंडळी माझ्याशी खुणेने बोलतात. मी हेडफोन तिच्या कानांना लावले. तिने उभ्या उभ्या शेवटपर्यंत ऐकलं. कोण आहे हे, असं तिने विचारलं. मी माझ्याकडे बोट केलं. ती म्हणाली, ‘किती हळू बोलायचात हो तुम्ही.’

असं मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी रडलो. आवाज निघत नाही त्यामुळे शेजारच्या खाटेवरच्याला कळलं नाही, तेवढी सोय झाली.

भोंग्या, तुझ्या शब्दातून तुला मोकळा केला. त्या नकलाकाराला भेटून त्याची माफी माग, काम त्याने चोख केलंय. टेबलाच्या प्रसंगाखाली सनई-सतार काही घालू नकोस, तुझी सवय मला ठाऊक आहे. खुसपट, तू आता तो आवाज साफ करायला बसशील. खरखर काढायची नाही. चमचाही राहू दे.

तोच आवाज ठेवा. माझ्याकडे आता दुसरा नाही.

काका, मामा